बालकांतील शिरस्त्वचेचे आघात व पुनर्रचना शस्त्रकर्म

सुश्रुताचार्यांनी सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार सांगून त्यांची तातडीची चिकित्सा वर्णिली आहे. मळणी यंत्रात वा कडबाकुट्टीत वेणी अडकणे, कुत्र्याचा चावा, वाहनाचा अपघात यांमुळे लहान मुलांची शिरस्त्वचा सोलून निघते. अशा रुग्णाला पहिला हात बहुधा गावातील वैद्याचाच लागतो. म्हणून हा विषय येथे थोडक्यात मांडत आहोत.

शिरस्त्वचेचे पाच थर असतात : त्वचा, तिच्याखालील घट्ट ऊती, कंडरासम पटल, सैल ऊती व अस्थ्यावरण. ओढ बसताच वरचे तीन थर एकत्रितपणे सैल थरातून सुटतात. घट्ट ऊतींमुळे तुटलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडे मिटत नाहीत, त्यामुळे रक्तस्राव विपुल होतो. दहा किलो वजनाच्या बालकाच्या शरीरात रक्त सुमारे ८०० मिलिलिटर असते. मोठ्या माणसाला सोसणारा स्राव बालकाच्या जिवावर बेततो, तो याचमुळे.

सुटलेली त्वचा मिळाल्यास सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून ती पुन्हा बसविता येते. असे पहिले यशस्वी प्रत्यारोपण ऑस्ट्रेलियातील शल्यचिकित्सकांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. १९९४ मध्ये लुधियाना येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. अब्राहम थॉमस यांनी, शेतीच्या यंत्रात केस अडकून चेहरा व शिरस्त्वचा गमावलेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर हे शस्त्रकर्म यशस्वी केले. नातलगांनी तुटलेला भाग पिशवीत घालून सोबत आणला होता, म्हणूनच ते शक्य झाले.

तो भाग न मिळाल्यास, अस्थ्यावरण शाबूत असेल तर मांडीची पातळ त्वचा लावतात. मात्र तिच्यावर केस उगवत नाहीत. अस्थी उघडी असल्यास त्वचारोप टिकत नाही. शेजारील अथवा पाठीवरील रक्तवाहिनीयुक्त ऊतींचे आच्छादन द्यावे लागते. पुढे केसाळ त्वचेखाली फुगा बसवून, त्यात काही आठवडे थोडे थोडे सलाईन भरून, वाढलेल्या त्वचेने टक्कल झाकता येते.

वैद्यबंधूंनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. स्वच्छ गॉजने दाब देऊन रक्त थांबवावे. कवटी खचलेली वाटल्यास त्या जागी दाब देऊ नये. हळद, तेल, घृत वा लेप लावू नये. तुटलेला भाग सलाईनने ओलावलेल्या गॉजमध्ये गुंडाळून बंद पिशवीत घालावा व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. त्वचेला बर्फाचा थेट स्पर्श नको. अपघाताची वेळ लिहून द्यावी. वांती, गुंगी, नाका-कानातून पाणी ही मेंदूच्या इजेची लक्षणे समजावीत. श्वानदंशात रक्तस्राव आटोक्यात असल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, टाके घालू नयेत; रेबीजची लस व इम्युनोग्लोब्युलिन यांसाठी विनाविलंब पाठवावे. धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

औषधालय चालकांनी निर्जंतुक गॉज, सलाईन व स्वच्छ पिशव्या सदैव हाताशी ठेवाव्यात, आणि अशा जखमेसाठी कोणी तेल वा मलम मागितल्यास ते न देता रुग्णालयाचा मार्ग दाखवावा. व्रणरोपक तैलांचा विचार शस्त्रकर्मानंतर, शल्यचिकित्सकाच्या संमतीनेच व्हावा. संधानकर्माचा वारसा सांगणाऱ्या आपल्या शास्त्राचे व्रत, योग्य वेळी योग्य हाती रुग्ण सोपविण्यातही पाळले जाते, असे आम्हांस वाटते.