बरणीतल्या लाकडावरचा कापूस



आमच्या वर्गात खिडकीपाशी एक मोठी काचेची बरणी आहे. दुकानात गोळ्या ठेवायची बरणी असते ना, तसली. पावसाळ्यात तिच्यात १२ बेडूकमासे होते. पुस्तकात त्यांना भैकेर म्हणतात. ओढ्याकडेच्या डबक्यातून आम्ही ते आणले होते. गुरुजी म्हणाले, "ठेवा, पण बेडूक झाले की जिथून आणले तिथंच सोडायचे."

बरणीत आम्ही एक लाकूड घातलं होतं. ते शोभेसाठी नव्हतं. बेडूकमासा लहानपणी माशासारखा कल्ल्यांनी श्वास घेतो. मग त्याला आधी मागचे पाय फुटतात, नंतर पुढचे. शेपूट आखडत जाते. कल्ले जातात आणि फुप्फुसं काम करू लागतात. तेव्हा त्याला पाण्याबाहेर येऊन बसायला जागा पाहिजे. ती नसेल तर तो पाण्यात बुडून मरतो. बेडूक पण बुडतो, हे मला आधी माहीत नव्हतं!

लाकूड पुरात वाहून आलेलं होतं. ते बरणीत मावेना, म्हणून आमच्या आण्णांनी कुऱ्हाडीने तोडून दिलं. तिसऱ्या दिवशी बघते तर काय, लाकडावर पांढरं पांढरं काहीतरी उगवलेलं! हात लावला तर बुळबुळीत. कुणी म्हणालं अंडी आहेत, कुणी म्हणालं विष आहे. आजी शाळेत आली होती, ती म्हणाली, "कापूस पिंजून ठेवल्यागत दिसतंय गं."

मला वाटलं, पाणी नासलं. मी कुणाला न विचारता मधल्या सुट्टीत सगळं पाणी ओतून दिलं आणि नळाचं स्वच्छ पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत ४ बेडूकमासे मेले. उरलेले ८ गुरुजींनी ताबडतोब ओढ्याच्या पाण्याच्या बादलीत सोडले.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "कापूस दिसल्यावर किती मेले?"
मी म्हटलं, "एकही नाही."
"आणि पाणी बदलल्यावर?"
"चार."
"मग आता तूच सांग, कशाने मेले?"
मला रडूच आलं.

नंतर गुरुजींनी समजावलं. त्या दिवशी सकाळीच गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकली होती. तिने पाण्यातले रोगजंतू मरतात, म्हणून आपल्याला ते पाणी चांगलं. पण त्यातला क्लोरीन बेडूकमाशांच्या कल्ल्यांना आणि पातळ कातडीला सोसत नाही. बेडकाच्या कातडीतून पाणी आत जातं, आणि पाण्यात जे असेल ते पण जातं.

आता तो कापूस म्हणजे काय ते सांगते. ती पाण्यातली बुरशी आणि तिच्याबरोबर वाढणारे बारीक जिवाणू. शिळ्या भाकरीवर बुरशी येते, तिचीच ही पाण्यातली बहीण समजा. शेवाळ हिरवं असतं, ते उन्हात स्वतःचं अन्न तयार करतं. बुरशी हिरवी नसते, तिला आयतं अन्न लागतं. लाकडाच्या आत थोडी साखर आणि पिठूळ भाग असतो, तो ती खाते. आम्ही लाकूड नीट बघितलं, तेव्हा कुऱ्हाडीने तोडलेल्या ताज्या टोकावर कापूस खूप होता. पाण्याने धुऊन गुळगुळीत झालेल्या जुन्या बाजूवर जवळजवळ नव्हता. तिथलं अन्न आधीच संपलं होतं ना!

लाकडावरची अशी बुरशी बहुतेक वेळा काही करत नाही. पण उरलेलं अन्न किंवा मेलेला जीव पाण्यात राहिला तर ती फार वाढते, पाणी घाण होतं आणि श्वासाला हवा कमी पडते. जखमी पिल्लाच्या अंगावर पण ती धरू शकते.

म्हणून असं करावं :

१) पिल्लं त्याच पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात काढावी. लाकूड बाहेर काढून जुन्या ब्रशने घासावं. साबण लावू नये. तो लाकडात मुरतो आणि मग पाण्यात उतरतो.

२) लाकूड जुन्या पातेल्यात अर्धा तास उकळावं. पाणी चहासारखं तांबडं होतं. ते टाकून पुन्हा उकळावं. लाकूड गार झाल्यावरच बरणीत घालावं. चुलीपाशी मोठं माणूस हवं.

३) एका वेळी सगळं पाणी बदलू नये. थोडं काढावं, थोडं घालावं. ओढ्याचं पाणी उत्तम. नळाचं असेल तर उघड्या बादलीत एक दिवस उन्हात ठेवावं, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

४) उकडलेला पालक थोडाच घालावा. उरलेला त्याच दिवशी काढावा. आम्ही आधी भाकरीचा चुरा फार टाकत होतो.

५) मेलेलं पिल्लू लगेच काढावं. नंतर साबणाने हात धुवावे.

हे सगळं करून आम्ही लाकूड परत घातलं. आठ दिवसांनी टोकावर थोडा कापूस पुन्हा आला! पण या वेळी मी घाबरले नाही. बेडूकमासे त्याला तोंड लावून खरवडत होते. पुढे तो आपोआप गेला आणि लाकडावर हिरवं शेवाळ धरलं.

उरलेल्या आठही बेडूकमाशांना पाय फुटले. पुढचे पाय आल्यावर ते त्याच लाकडावर चढून बसायचे. शेपूट गेल्यावर आम्ही त्यांना ओढ्याकाठी सोडून आलो. बोटाच्या पेराएवढे होते, पण उड्या केवढ्या!

आता बरणी रिकामी आहे. तिच्याशेजारी आम्ही या आठवड्यात दोन बाटल्या ठेवल्या आहेत. एकीत न उकळलेलं लाकूड आहे, दुसरीत उकळलेलं. कापूस कुठे जास्त आहे ते पालकांनी जाता जाता बघावं. आणि कुणाच्या बरणीत असा कापूस आला तर आधी विचारा, मग पाणी ओता. मी आधी ओतलं, म्हणून चार बेडूक ओढ्यावर परत गेले नाहीत.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी