सळया वर ठेवलेली घरं

नारायणगाव, मंचर, ओतूर, आळेफाटा या पट्ट्यात स्लॅबवर कॉलमच्या सळया उभ्या असलेली घरं जागोजाग दिसतात. खाली संसार चाललेला असतो, दर्शनी भिंतीला रंग लागलेला असतो, बाजूच्या भिंतीच्या विटा अजून उघड्या असतात. शहरातून येणाऱ्याला वाटतं, पैसा संपला आणि काम अडलं. मला हे घर अडलेलं वाटत नाही, ते चालू वाटतं. जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतल्या बहुतेक कुटुंबांसाठी घर थोडं थोडं करत पुरं करणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र त्याला एक अट आहे. बांधकाम खुशाल टप्प्याटप्प्यानं व्हावं, पण सगळ्या घराचा विचार पहिल्या कुदळीआधी झालेला असावा, आणि त्या विचारात घरातली सगळी माणसं असावीत.

इथे पैसा कसा येतो ते आधी पाहू. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी बागायत वाढवली, त्यामुळे टोमॅटो, कांदा, ऊस आला. पण पगारासारखा दर महिन्याचा पैसा त्यातून येत नाही. ऊस ‘विघ्नहर’ किंवा ‘भीमाशंकर’ साखर कारखान्याला गेला की बिल हप्त्यांनी जमा होतं. टोमॅटोचं तर २०२३ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. उन्हाळ्यात भाव मातीमोल होता आणि जुलैत किरकोळ बाजारात तो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात भात, हिरडा आणि मजुरी यांवर वर्ष काढायचं असतं. अशा घरानं दहा लाखांचं कर्ज ९ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याला सुमारे नऊ हजारांचा हप्ता बसतो आणि एकूण फेड साडेएकवीस लाखांच्या पुढे जाते. भाव पडलेल्या वर्षीही हप्ता थांबत नाही. उलट ज्या वर्षी हातात पैसा आला त्या वर्षी जोतं, पुढच्या वर्षी भिंती, मग स्लॅब, मग गिलावा असं केलं, तर वाईट हंगामात काम थांबतं, पण डोक्यावरचं छप्पर गहाण पडत नाही.

सरकारी घरकुलाचा हिशेबही नकळत हेच सांगतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरचं घर धरलं आहे. त्यासाठी सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरवले गेले, आणि रक्कम काम जसं पुढे सरकेल तसे हप्ते पाडून मिळते. एवढ्या पैशात भिंती आणि छप्पर झालं तरी खूप. फरशी, रंग, कपाटं, जादाची खोली हे पुढे कुटुंबानंच करायचं असतं. पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात इंदूरजवळ अरण्य वसाहत आखली, तेव्हा हीच गोष्ट लपवण्याऐवजी पायाशी घेतली. गरीब कुटुंबाला जोतं, संडास-न्हाणीची सोय आणि एखादी खोली द्यायची, बाकीचं त्यांनी ऐपतीप्रमाणे वाढवायचं. या वसाहतीला १९९५ मध्ये आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला. चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला जी घरं रचली, त्यांनाही वाढायला जागा ठेवली होती. थोरामोठ्या वास्तुशिल्पींनी जे विचारपूर्वक आखलं, ते इथली घरं आधीपासून करत आली आहेत. फरक इतकाच की तिथे वाढीची जागा आणि तिचा भार कागदावर आधी मांडलेला होता. इथे तो बऱ्याचदा गवंड्याच्या अंदाजावर सोडलेला असतो.

धोका नेमका इथे आहे. वर काढून ठेवलेल्या सळया पाहून दुसरा मजला चढेल असं वाटतं, पण त्या सळया पायाबद्दल काहीच सांगत नाहीत. पाया एका मजल्याचाच घातला असेल, किंवा नदीकाठच्या काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खोदलंच नसेल, तर दहा वर्षांनी वर चढवलेला मजला खालच्या भिंतींना तडे देतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, घर तिच्याबरोबर हलतं. म्हणून पैसे कमी असले तरी पाया आणि कॉलम हे पूर्ण झालेल्या घराच्या मापानं घालावेत, बाकी सगळं मागे ठेवावं. उघड्या सळया स्लॅबमधून जिथे बाहेर येतात तिथेच पाणी मुरतं आणि गंज धरतो. त्यांवर सिमेंटचा घट्ट लेप किंवा हलक्या काँक्रीटचं आवरण घालायला फार खर्च येत नाही, तरी हे काम बहुतेक ठिकाणी राहून जातं. डोंगराच्या बाजूला आणखी एक गोष्ट पाहायला हवी. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर उतार कापून घर मागे वाढवण्याआधी तज्ज्ञाला जागा दाखवणं, हा या पट्ट्यातल्या प्रत्येक घराचा पहिला टप्पा असायला हवा. जागाच चुकली तर पुढचे सगळे टप्पे वाया जातात.

यानंतर प्रश्न येतो क्रमाचा, आणि सर्वांत जास्त चूक तिथेच होते. लग्नकार्य जवळ आलं की आधी पुढची भिंत सजते, हॉलला चकचकीत फरशी येते, छताला पीओपी लागतं. मागचं दार मात्र पत्र्याचं राहतं आणि संडास अंगणापलीकडेच असतो. जुन्नर-आंबेगावात हा क्रम परवडणारा नाही. उसाचे फड ही बिबट्यांची लपायची जागा झाली आहे, आणि या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं, त्यातही लहान मुलं, बळी पडली आहेत. रात्री बाहेर जावं लागू नये म्हणून घरातच संडास-न्हाणी, घट्ट लागणारी दारं, शेळ्यांचा बंदिस्त गोठा आणि अंगणात दिवा या चार गोष्टी रंगाच्या कितीतरी आधी आल्या पाहिजेत. पश्चिमेकडे, आहुपे-भीमाशंकरच्या अंगाला, ज्या भिंतीवर झड येते ती आधी गिलाव्यानं झाकायची. पूर्वेला, बेल्हे-आण्याच्या कोरड्या बाजूला, तोच पैसा पाण्याच्या टाकीवर आधी घालावा. दोन्ही तालुक्यांना लागू होईल अशी एकच यादी करता येणार नाही.

आक्षेप खरे आहेत. पहिला म्हणजे, तुकड्यातुकड्यानं काम महाग पडतं. दर वेळी गवंडी नव्यानं शोधावा लागतो, वाहतूक पुन्हा भरावी लागते, सिमेंटचे भावही चढलेले असतात. हे मान्य, आणि म्हणूनच कामाचे फार बारीक तुकडे करू नयेत. सगळ्या घराचा गिलावा एकदम, सगळं वायरिंग एकदम, असे मोठे गठ्ठे बांधावेत. वायरिंगच्या नळ्या आणि पाण्याचे पाइप गिलाव्याआधी बसले नाहीत, तर नवी भिंत फोडावी लागते, आणि असा खर्च व्याजापेक्षाही जड जातो. स्वस्त मिळालं म्हणून सिमेंट महिनोन्‌महिने साठवणं हाही तोटाच, कारण तीन महिन्यांत त्याची ताकद बरीच उतरते. दुसरा आक्षेप लाजेचा आहे. पाहुणे काय म्हणतील, मुलीला पाहायला येणारे काय म्हणतील? त्यावर उत्तर जुन्नरच्या लेण्यांतच आहे. तिथल्या शिलालेखांत कुणी टाकं दिलं, कुणी दर्शनी भाग दिला, अशा वेगवेगळ्या दानांच्या नोंदी आहेत. आख्खं काम एका वेळी एकाच्याच पैशानं झालं पाहिजे अशी सक्ती तेव्हाही नव्हती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. चालू कामात राहणं म्हणजे धूळ, उघड्यावरची चूल आणि वर्षानुवर्षांचा पसारा, आणि तो निस्तरावा लागतो घरातल्या बायकांना. क्रम ठरवताना मात्र त्यांना विचारलं जात नाही. ओट्याची उंची, धूर कुठून जाणार, पाणी कुठे भरणार, आजारी सासूला न्हाणी किती जवळ हवी, हे त्यांना ठाऊक असतं. घरकुलाच्या नियमांत घर शक्यतो स्त्रीच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं अशी तरतूद आहे. नावाबरोबर पुढच्या टप्प्याचं मतही दोघांचं असायला हवं. कामं वाटून घेण्यातही समजूत हवी. भिंतींवर सात दिवस नेमानं पाणी मारणं, घासून पुट्टी लावणं, आतला रंग, अंगणाची फरसबंदी हे सुट्टीत मुलांसह करता येतं आणि त्यानं मजुरी वाचते. पश्चिमेच्या गावांत पडकईनं एकमेकांच्या शेतात राबून भातखाचरं तयार करण्याची रीत आहेच, तीच घराच्या कामालाही लावता येईल. पण स्लॅब, कॉलम आणि विजेचं काम जाणत्या माणसाकडेच द्यावं. गिलावा चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे पाच वर्षांनी कपाटासाठी खिळा ठोकताना वायर कुठून गेली आहे ते घरातल्या कुणालाही सांगता येईल.