रोव्हर्स चषक आणि हैदराबादची पाच वर्षे

धर्मादाय संस्थेच्या स्मरणिकेत फुटबॉलवर लेख कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर इतकेच की, हैदराबाद शहराने हिंदुस्थानच्या खेळाला जे दिले त्याचा हिशेब याच शहरातील मुलांना ठाऊक नाही, आणि वर्गात शिकविणाऱ्या माणसाला ही गोष्ट बोचते.

रोव्हर्स चषकाचे सामने मुंबईस १८९१ साली सुरू झाले. पहिला चषक वूस्टर रेजिमेंटच्या पलटणीने नेला. हे सामने बाद पद्धतीचे, म्हणजे हरला तो घरी गेला. साखळी सामन्यांत एका दिवसाची चूक दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. येथे तशी सोय नाही. पहिली चाळीस-पंचेचाळीस वर्षे विजेत्यांच्या यादीत गोऱ्या पलटणींचीच नावे आढळतात. १९२३ साली कलकत्त्याचा मोहन बागान संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याला ४-१ असे हरविले. चषक भारतीय संघाच्या हाती आला तो १९३७ साली. तो जिंकणारा संघ बंगलोर मुस्लिम्स हा होता आणि त्याने पुढच्या वर्षीही चषक राखला.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळू. १९५०, ५१, ५२, ५३ आणि ५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाने जिंकला. ही गोष्ट किती अवघड आहे हे शाळेतल्या गणिताने पाहता येते. समजा, चषकासाठी दर वर्षी चार सामने जिंकावे लागतात. म्हणजे पाच वर्षांत वीस. प्रत्येक सामना बरोबरीच्या दोन संघांत असेल, तर वीसही जिंकण्याचा संभव दहा लाखांत एकाहून कमी. संघ फारच बलवान आहे, दहापैकी नऊ सामने हटकून जिंकतो असे धरले, तरी ओळीने वीस जिंकण्याचा संभव आठांत एक एवढाच उरतो. हा अर्थात ठोकताळा आहे. मैदानावर चिखल असतो, दुखापती असतात, पंच असतात. परंतु केवळ नशिबाने पाच वर्षे पार पडत नाहीत, एवढे त्यावरून कळावे.

मग ते कशाने घडले? या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शाळामास्तर होते. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. हैदराबादच्या शाळांतून त्यांनी मुलांना शिकविले, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली, आणि १९५० पासून पोलीस संघ हाती घेतला. त्या काळी आपल्याकडे चेंडू पायाशी खेळवत, हुलकावण्या देत एकट्याने पुढे जाणे हीच कला समजली जाई. प्रेक्षकही त्यालाच टाळ्या देत. रहीमसाहेबांनी चेंडू चटकन् सोबत्याकडे देण्यावर भर दिला. हुलकावणीला मनाई असलेले सामने आणि केवळ डाव्या पायाने खेळावयाचे सामने त्यांनी मुलांकरिता भरविले. ज्या अवयवाची सवय नाही त्यालाच काम द्यावयाचे, ही खरी मास्तरी युक्ती! आमच्या मते पाच चषकांचे मूळ या वर्गपाठात आहे.

याच संघातील नूर महंमद आणि अझीझुद्दीन हे १९५२ व १९५६ या दोन्ही ऑलिंपिकांत देशाकडून खेळले. मेलबर्नला १९५६ साली भारत चौथा आला आणि १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळाले, तेव्हाही मार्गदर्शक रहीमसाहेबच होते. जकार्ताच्या वेळी त्यांना कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी ते वारले. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला, त्यामुळे नाव तरी मुलांच्या कानी पडले. रोव्हर्सच्या विजेत्यांच्या यादीत मात्र संघांची नावे असतात, शिक्षकाचे नसते.

यादी वाचताना आणखी एक सावधगिरी हवी. १९५६ साली हैदराबाद राज्याची विभागणी झाली. मराठवाडा एकीकडे, कानडी जिल्हे दुसरीकडे आणि शहर आंध्र प्रदेशात गेले. आपल्यापैकी कित्येकांची घरे त्या रेघेने दोन राज्यांत वाटली. पोलीस संघाचेही नाव पालटले. म्हणून १९६० चा विजेता आणि १९६२ साली ईस्ट बंगालबरोबर चषक वाटून घेणारा ‘आंध्र पोलीस’ हा कोणी परका नव्हे. तो आपलाच जुना संघ होय.

१९५५ साली मोहन बागानने प्रथमच चषक जिंकला आणि हैदराबादची मालिका थांबली. पुढे त्याच संघाची बेरीज चौदावर गेली, ती सर्वाधिक आहे. मुंबईच्या कॅल्टेक्सने १९५८ साली आणि मफतलालने १९६५ साली चषक घरातच ठेवला. नंतर गोव्याच्या धेंपो व साळगावकर या संघांनी तो अनेकदा नेला. ओळीने पाच मात्र पुन्हा कोणाला जमले नाहीत. २०००-०१ च्या हंगामानंतर ही स्पर्धाच बंद पडली, तेव्हा तो विक्रम आता मोडणार तरी कसा?

ज्यांनी हे सामने पाहिले किंवा त्या संघाचा सराव पाहिला, अशी मंडळी आता फार थोडी उरली आहेत. कोणाच्या घरी जुन्या पेटीत त्या वर्षांची कात्रणे, छायाचित्रे वा सामन्याची तिकिटे असतील, तर ती रद्दीत देण्यापूर्वी संस्थेच्या कार्यालयात दाखवावीत. छायाचित्रामागे नावे लिहून दिली तर फारच उत्तम.