रोमानियातील स्वयंसेवक दांपत्य : आधी शेजारी, मग मदतनीस

रोमानियातील कोणत्याही लहान शहरात गेले, तरी साम्यवादी राजवटीत बांधलेल्या चार-पाच मजली इमारतींच्या रांगा दिसतात. अशा इमारतीला तेथे ‘ब्लोक’ म्हणतात. तिच्या जिन्यापाशी एक फलक असतो आणि दरमहा त्यावर एक यादी लागते. कोणत्या घरात किती माणसे राहतात आणि पाणी, कचरा, जिन्यातील दिवे यांपोटी कोणाकडून किती रक्कम येणे आहे, हे सारे त्या यादीत लिहिलेले असते. काही खर्चांची वाटणी माणशी होत असल्याने घरातील माणसांच्या संख्येवर शेजाऱ्यांचेही लक्ष असते. परदेशातून स्वयंसेवक म्हणून आलेल्या जोडप्याची गावातील पहिली नोंद बहुधा याच कागदावर होते. ते कोणत्या संस्थेतर्फे आले, काय शिकवणार, कोणता प्रकल्प उभारणार, हे प्रश्न नंतरचे. आधी लिहिले जाते ते एवढेच : घर क्रमांक अमुक, माणसे दोन.

स्वयंसेवेची चर्चा सहसा प्रकल्प, निधी आणि फलनिष्पत्ती यांभोवती फिरते. रोमानियात मात्र काम सुरू होते ते शेजारधर्मापासून. एकट्या व्यक्तीपेक्षा जोडप्याला ही सुरुवात सोपी जाते. पण तिच्यासोबत येणारे काही ताणही खास जोडप्याच्याच वाट्याला येतात. नोकरीतून काही काळ रजा घेऊन किंवा निवृत्तीनंतर असे काम करावे, असा विचार परदेशस्थ मराठी घरांतून अलीकडे बोलून दाखवला जातो. त्या दृष्टीने हा अनुभव समजून घेण्यासारखा आहे.

दोघांची निवड, दोघांचे काम

अमेरिकेच्या ‘पीस कोर’ या सरकारी उपक्रमाची स्थापना १९६१ मध्ये झाली. त्याचे स्वयंसेवक १९९१ ते २०१३ या काळात रोमानियात राहून काम करत होते. सुमारे तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर दोन वर्षांची सेवा, अशी एकूण २७ महिन्यांची मुदत असे. जोडप्यांनाही प्रवेश होता. पण पतीच्या निवडीवर पत्नीने किंवा पत्नीच्या निवडीवर पतीने सोबत जावे, अशी सोय नव्हती. दोघांनी स्वतंत्रपणे पात्र ठरायचे आणि दोघांनाही एकाच ठिकाणी स्वतःचे काम असायचे, असा नियम होता. पगार नसे, स्थानिक माणसाच्या राहणीमानाइतका निर्वाहभत्ता मिळे.

वयाची कमाल मर्यादा या उपक्रमात नाही. याचे एक प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, परिचारिका म्हणून भारतात आल्या आणि मुंबईच्या विक्रोळी येथील गोदरेज वसाहतीत त्यांनी काम केले. भारतातील हा उपक्रम १९७६ मध्ये थांबला. त्यानंतर १५ वर्षांनी रोमानियाची दारे उघडली.

‘स्वयंसेवा’ या शब्दावरचा डाग

रोमानियात स्वयंसेवकाला पहिली अडचण येते ती शब्दाचीच. निकोलाए चाउशेस्कू यांची राजवट डिसेंबर १९८९ मध्ये कोसळली. तोपर्यंत ‘देशभक्तीचे श्रम’ या नावाखाली विद्यार्थी, कामगार आणि कर्मचारी यांना शेतातील काढणीला किंवा बांधकामावर पाठवले जाई. कागदोपत्री हे काम स्वेच्छेचे होते. नकार देण्याची मुभा मात्र कोणालाच नव्हती. साहजिकच, पुढे कोणी ‘आम्ही स्वयंसेवक आहोत’ असे सांगितले, की ज्येष्ठांच्या मनात आदराऐवजी शंका उभी राही. तुम्हाला पैसे कोण देते? तुमच्या देशात तुम्हाला काम मिळाले नाही का? इथे नेमके काय हवे आहे? गुप्त पोलिसांच्या पाळतीखाली आयुष्य काढलेल्या पिढीला ‘हे हेर तर नसतील?’ असेही वाटे. स्वयंसेवेला कायद्याची चौकट मिळाली ती २००१ मध्ये. २०१४ मध्ये त्या जागी नवा कायदा आला.

या शंकेला भाषणाने उत्तर देता येत नाही, रोजच्या वागण्यानेच द्यावे लागते. इथे जोडप्याचा उपयोग होतो. एकटा परदेशी तरुण गावाला कोडे वाटतो. नवरा-बायको मात्र लगेच उमगतात. ते बाजारात जातात, भांडतात, जिन्यात पिशव्या वाहून नेतात, सणाला कोणाकडे तरी जेवायला जातात. शेजारीणबाई बायकोला लोणच्याच्या बरण्या कशा भराव्यात ते दाखवते आणि तिचा नवरा पाहुण्याला द्राक्षाच्या मांडवाखाली बसवून राजकारणावर बोलतो. एकाच घरात जाण्याचे दोन दरवाजे त्यांना मिळतात.

‘तू’ आणि ‘आपण’ यांमधले अंतर

प्रशिक्षणाचा काळ स्थानिक कुटुंबात राहून काढायचा असे. घर देणाऱ्या यजमानाला तेथे ‘गाझ्दा’ म्हणतात. रोमानियन भाषा लॅटिनमधून आलेली आहे. पण मराठी माणसाला तिच्यात काही ओळखीच्या खुणा सापडतात. तिच्यात मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत. फरक इतकाच, की तिचे नपुंसकलिंगी नाम एकवचनात पुल्लिंगासारखे आणि अनेकवचनात स्त्रीलिंगासारखे चालते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला भेदही आहे. जवळच्या माणसाला ‘तु’, तर वडीलधाऱ्यांना, शिक्षकांना आणि अनोळखी माणसांना ‘दुम्नेअवोआस्त्र’. इंग्रजी वळणाच्या माणसाला हे अंतर राखणे जड जाते. मराठी घरात वाढलेल्याला ते शिकवावे लागत नाही.

जोडप्यापुढची खरी अडचण वेगळीच असते. दोघांपैकी एकाला भाषा लवकर येते आणि मग तोच दुसऱ्याचा दुभाषी होऊन बसतो. दुकानात, दवाखान्यात, शाळेत बोलणारा एकच, आणि दुसरा मान डोलावणारा. आपापल्या क्षेत्रात अधिकाराने वावरलेल्या माणसाला असे परावलंबन फार टोचते. म्हणून बाजारहाट, बिले आणि शेजाऱ्यांच्या भेटी यांतील काही कामे प्रत्येकाने एकट्यानेच करावीत आणि चुकत बोलावे, हे शहाणपणाचे ठरते. दोघांची दोन वेगळी कामे असावीत, या नियमामागचा उपयोग इथे कळतो.

चपला, खिडक्या आणि वांग्याचे भरीत

रोजचा दिवस साधा असतो. सकाळी शाळा किंवा संस्थेचे कार्यालय, दुपारी बाजार, संध्याकाळी शेजारी. शाळेत गुण १ ते १० मध्ये दिले जातात आणि ५ ला उत्तीर्ण होता येते. शाळा सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी मुले शिक्षकांसाठी फुले घेऊन येतात. फुले नेताना संख्या विषम असावी लागते. सम संख्येची फुले अंत्यविधीसाठी असतात. घरात शिरताना जोडे दारात काढायचे आणि यजमानाने पुढे केलेल्या सपाता घालायच्या. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून वारा खेळता ठेवला, तर घरातील आजीबाई धावत येऊन एक खिडकी बंद करतात, कारण असा झोत, म्हणजे ‘कुरेंत’, कानदुखीपासून दातदुखीपर्यंत सगळ्याचे कारण मानला जातो.

पैशांची भाषाही नवी असते. १ जुलै २००५ रोजी १०,००० जुन्या ‘लेइ’चा १ नवा ‘लेउ’ झाला. पण बाजारातील म्हाताऱ्या बायका त्यानंतर कित्येक वर्षे लाखांत आणि दशलक्षांतच हिशेब करत राहिल्या. भाव ऐकून दचकलेला परदेशी मनात चार शून्ये पुसायला शिकला, की तो गावात रुळला असे समजावे.

शरद ऋतूत गावभर वांगी आणि मिरच्या भाजल्याचा वास सुटतो. भाजलेले वांगे ठेचून त्यात तेल आणि कांदा घातला, की ‘सालाता दे विनेते’ तयार होते. मराठी जिभेला ते भरीतच. वांगी, ढबू मिरच्या, कांदा आणि टोमॅटो तासन्‌तास शिजवून ‘झाकुस्का’ बरण्यांत भरून ठेवतात. कोबीचे आंबवणे हिवाळ्यासाठी पिंपात घालून बाल्कनीत ठेवले जाते. शाकाहारी पाहुण्याला एक शब्द तारून नेतो, ‘दे पोस्त’, म्हणजे उपवासाचे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाच्या काळात मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे ‘मी मांस खात नाही’ हे वाक्य जिथे कोणाला समजत नाही, तिथेही ‘उपवासाचे द्या’ हे सर्वांना समजते.

या साऱ्यात मदत करायला आलेले जोडपे सुरुवातीचे कित्येक महिने मदत घेतच असते. बरणी भरून आली तर ती रिकामी परत करायची नाही, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

गावाचे दुसरे टोक

प्रत्येक ओळख इतकी गोड नसते. अनेक गावांच्या कडेला रोमा समाजाची वस्ती असते. या समाजाची रोमानियातील भूभागांवरील गुलामगिरी १८५६ मध्ये पूर्णपणे संपली. तिरस्कार संपलेला नाही. मायेने जेवू घालणारे शेजारीच ‘तिकडे जाऊ नका’ असे बजावतात. रोमा लोकांचे पूर्वज भारतातून गेले. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ आणि नाकाला ‘नाक’ असे शब्द आढळतात. सावळ्या वर्णाच्या भारतीय वंशाच्या जोडप्याला दुकानदाराची संशयी नजर सोसावी लागू शकते, आणि ओळख पटल्यावर ‘तुम्ही त्यांच्यासारखे नाही’ अशी शाबासकीही मिळू शकते. ही शाबासकी मुकाट्याने घ्यायची की नाही, हे प्रकल्पाच्या आराखड्यात लिहिलेले नसते. शेजाऱ्याशी नाते टिकवायचे आणि वस्तीतल्या मुलांच्या दारापर्यंतही जायचे, ही कसरत दोघांना मिळून ठरवावी लागते. त्यावर दोघांचे एकमत होतेच असे नाही.

जे आले आणि जे गेले

सर्वांत अवघड प्रश्न स्थलांतराचा आहे. १९९२ च्या जनगणनेत रोमानियाची लोकसंख्या सुमारे २ कोटी २८ लाख होती. २०२१ मध्ये ती सुमारे १ कोटी ९० लाख भरली. २००२ पासून युरोपातील बहुतेक देशांत व्हिसाविना प्रवास करता येऊ लागला आणि १ जानेवारी २००७ रोजी देश युरोपीय संघात आला. लाखो माणसे इटली, स्पेन, जर्मनीकडे गेली. पुरुष बांधकामावर, तर बायका इटलीतील वृद्धांच्या शुश्रूषेला. स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी खुडणाऱ्यांना मायदेशी ‘कप्शुनार’ असे किंचित हिणवणारे नावच पडले. मागे राहिली ती आजी-आजोबांच्या हाती वाढणारी मुले.

स्वयंसेवक जोडपे या रिकाम्या जागेत येऊन राहते. तळमजल्यावरची आजी त्यांना सूप आणून देते, कारण तिची लेक परक्या देशात कोणा दुसऱ्या म्हातारीला सूप भरवत असते. जोडप्यातील एक जण शाळेत इंग्रजी शिकवतो, आणि जो विद्यार्थी ते उत्तम शिकतो, तोच आधी गाव सोडतो. गावाला मदत म्हणून दिलेले कौशल्य गावच रिकामे करत असेल, तर त्या मदतीचा हिशेब कसा मांडायचा? याला नेमके उत्तर नाही. मुलाला शिकण्यापासून अडवणे हा मार्ग नव्हे, आणि आजीचे एकटेपण नाकारणे हाही प्रामाणिकपणा नव्हे. काही स्वयंसेवकांनी वाचनालये, मुलांची शिबिरे, स्थानिक संस्थांची हिशेबव्यवस्था अशा गावात राहणाऱ्यांच्या उपयोगी पडणाऱ्या कामांना जोड दिली, ती याच जाणिवेतून.

सातासमुद्रापार राहणाऱ्या मराठी वाचकाला या चित्रातील दोन्ही बाजू ठाऊक आहेत. त्याच्याही घरी फोनची वाट पाहणारे कोणी आहे, आणि आईवडिलांच्या औषधांची चौकशी करणारा शेजारी आहे. रोमानियातील परक्या आजीसोबत बसून तिच्या लेकीचा आवाज फोनवर ऐकणाऱ्या जोडप्याला स्वतःचे रिकामे घर आठवल्याशिवाय राहत नाही.

आज जायचे असल्यास

पीस कोरचा रोमानियातील मार्ग आता बंद आहे. ‘युरोपियन सॉलिडॅरिटी कोर’ हा युरोपीय संघाचा उपक्रम मुख्यतः १८ ते ३० वयोगटासाठी आहे. त्यापुढील वयाच्या जोडप्यांना एखाद्या स्थानिक संस्थेशी थेट बोलणी करावी लागतात. २०२५ च्या जानेवारीपासून रोमानिया शेंगेन क्षेत्रात पूर्णपणे सामील झाला आहे. त्यामुळे युरोपीय संघाबाहेरील नागरिकांसाठी अल्प मुदतीच्या वास्तव्यावर १८० दिवसांत ९० दिवसांची जी मर्यादा आहे, तिच्यात तेथील दिवसही धरले जातात. त्याहून अधिक राहायचे तर दीर्घ मुदतीचा व्हिसा निघण्यापूर्वीच हवा.

संस्थेला आधीच विचारून घ्यावे, की दोघांनाही वेगळे काम आहे का, भाषा शिकवण्याची सोय कोण करणार, आणि आपण परतल्यावर हे काम पुढे कोण नेणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्थानिक माणसाच्या नावाने मिळत नसेल, तर थांबून पुन्हा विचार करावा. घर घेताना इमारतीच्या यादीत आपली नोंद दोन माणसे अशीच झाली आहे, याचीही खात्री करून घ्यावी. तेथील शेजारी ती यादी वाचतात.