निनाद काल

निनाद काल म्हणजे बंदिस्त जागेतील ध्वनीचा उगम थांबल्यानंतर तेथील ध्वनीची पातळी ६० डेसिबेलने खाली येण्यास, म्हणजेच तीव्रता मूळच्या दशलक्षांश होण्यास, लागणारा वेळ होय. दालनात बोललेले शब्द किती स्पष्ट ऐकू येतील आणि संगीत किती भरदार वाटेल, हे बऱ्याच अंशी या काळावर अवलंबून असते.

स्वरूप

श्रोत्याच्या कानी प्रथम थेट ध्वनी पोहोचतो. त्यापाठोपाठ भिंती, छत व जमीन यांवरून परावर्तित झालेले ध्वनी येतात. सुमारे ५० मिलिसेकंदांच्या आत आलेली परावर्तने वेगळी जाणवत नाहीत. ती मूळ शब्दाला बळ देतात. त्यानंतरचे एखादे प्रबळ परावर्तन प्रतिध्वनी म्हणून ऐकू येते, तर असंख्य क्षीण परावर्तने एकमेकांत मिसळून निनाद निर्माण होतो. निनाद लांबल्यास आधीच्या अक्षराचा नाद पुढील अक्षरावर पसरतो व आवाज मोठा असूनही शब्द कळत नाहीत. केवळ आवाज वाढवल्याने हा दोष जात नाही, कारण त्याबरोबर निनादही वाढतो.

सॅबिन यांचे संशोधन

हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयातील व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे समजत नसे. १८९५ मध्ये हा दोष दूर करण्याचे काम भौतिकीचे तरुण अध्यापक वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांच्याकडे आले. ऑर्गनची नळी वाजवून थांबवल्यावर तिचा नाद रिकाम्या सभागृहात साडेपाच सेकंदांहून अधिक काळ टिकतो, असे त्यांना आढळले. सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून ठेवल्यावर, गाद्यांच्या संख्येनुसार हा काळ घटत गेला. अशा प्रयोगांतून पुढील सूत्र मिळाले :

निनाद काल (सेकंद) = ०.१६१ × घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

प्रत्येक पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाला त्याच्या शोषण गुणांकाने गुणून येणाऱ्या संख्यांची बेरीज म्हणजे एकूण शोषण. १९०० मध्ये खुल्या झालेल्या बॉस्टन येथील सिंफनी हॉलच्या रचनेत सॅबिन यांच्या या संशोधनाचा उपयोग करण्यात आला.

उदाहरण

१० मीटर लांब, ६ मीटर रुंद व ३ मीटर उंच वर्गखोलीचे घनफळ १८० घनमीटर आणि आतील पृष्ठभाग २१६ चौरस मीटर असतो. गिलावा केलेल्या पृष्ठभागांचा सरासरी शोषण गुणांक ०.०३ मानल्यास रिकाम्या खोलीचा निनाद काल सुमारे ४.५ सेकंद येतो. प्रत्येकी ०.४ चौरस मीटर शोषण करणारे ४० विद्यार्थी बसल्यावर तो सुमारे १.३ सेकंदांवर उतरतो.

योग्य मूल्य

व्याख्यानासाठी साधारणतः एक सेकंद किंवा त्याहून कमी, तर पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी सुमारे दोन सेकंद निनाद काल योग्य मानतात. त्यामुळे एकच सभागृह दोन्हींसाठी सारखेच अनुकूल नसते. पातळ पडदे मुख्यतः उच्च कंप्रतेचे ध्वनी शोषतात. केवळ तेच लावल्यास खर्जातील स्वर घुमत राहतात. म्हणून निनाद काल निरनिराळ्या कंप्रतांना स्वतंत्रपणे मोजला जातो.