विश्लेषण : वेगविक्रमी मोटारीला रबरी टायर का नसतात?

जमिनीवरील वेगाचा विक्रम आजही ‘थ्रस्ट एसएससी’ या जेट मोटारीच्या नावावर आहे. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अँडी ग्रीन यांनी अमेरिकेतील ब्लॅक रॉक वाळवंटात ती ताशी १,२२८ किमी वेगाने चालवली. तिची चाके होती भरीव अ‍ॅल्युमिनियमची.

रबर का चालत नाही?

चाकाचा वेग दुप्पट झाला, की कडेवरील ताण चौपट होतो. ९० सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी १,६०० किमी वेगाने धावल्यास कडेवरच्या एक ग्रॅम रबराला सुमारे ४५ किलो वजनाइतका ताण सोसावा लागेल. रबर फाटून उडाले, तर चालकाच्या जिवावर बेतते. डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात ताशी ६४८ किमीचा विक्रम टायरवर केला. मात्र अशा टायरवर रबराचा थर मुद्दाम पातळ ठेवतात.

मग पकडीचे काय?

धातूची पकड कमीच. पण जेटचा रेटा चाकांतून येत नाही. चाकांनी फक्त भार पेलायचा आणि दिशा राखायची. त्यासाठी सुकलेल्या तलावाची मातीची जमीन लागते. तीत कडा किंचित रुतते. तेथे खडाही घातक. म्हणूनच ‘ब्लडहाउंड’साठी दक्षिण आफ्रिकेतील हॅक्स्कीन पॅनवरील दगड स्थानिकांनी हाताने वेचले.