बुद्धी मोजायची की अभ्यास?

शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन मूल घरी येते, तेव्हा अनेक घरांत एकच संवाद घडतो. ‘गणित कसे गेले?’ ‘बरे गेले.’ ‘आणि बुद्धिमत्ता चाचणी?’ मूल गप्प. मग कुणीतरी बोलून जाते, ‘अभ्यास करतो हो, पण डोकेच कमी चालते!’ गणितातील चूक अभ्यासाच्या नावावर पडते. बुद्धिमत्तेच्या पेपरातील चूक मात्र थेट मुलाच्या नावावर. हा पेपर खरोखर इतका वेगळा असतो का?

अमेरिकेत या प्रश्नाचा खल जवळजवळ शंभर वर्षे चालला आहे. १९२६ साली तेथे महाविद्यालयीन प्रवेशासाठी ‘स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट’ म्हणजेच ‘सॅट’ सुरू झाली. तिचा कर्ता कार्ल ब्रिगहॅम हा मानसशास्त्रज्ञ. पहिल्या परीक्षेत ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न होते. एका प्रश्नाला जेमतेम १८ सेकंद! विशेष म्हणजे, बुद्धीचा संबंध वंशाशी जोडणारे आपले १९२३ च्या पुस्तकातील निष्कर्ष ब्रिगहॅमने १९३० साली स्वतःच मागे घेतले. पुढे १९३७ पासून सॅटच्या जोडीला विषयवार परीक्षाही आल्या.

यांतली अवघड कोणती? सॅटचे गणित शाळेपलीकडे जात नाही. तिथे अडवते ते घड्याळ आणि प्रश्नाची अनोळखी मांडणी. रसायनशास्त्राच्या पेपरात मात्र ‘मोल’ शिकलाच नसेल, तर चलाख मूलही अडते. आणि ज्याने तो नीट शिकला, त्याला प्रश्न ओळखीचा वाटतो.

गुणांवरूनही निवाडा होत नाही. दोन्हीकडे २०० ते ८०० अशीच मोजपट्टी होती. वरच्या पातळीच्या गणितात दरवर्षी हजारो मुले पुरते ८०० मिळवीत. म्हणून ती परीक्षा सोपी ठरत नाही. तिला बसत ती गणितात मुरलेलीच मुले. सॅटला सगळ्या तऱ्हेची.

२००१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन यांनी सॅटची सक्ती उठवावी, असे जाहीरपणे सुचवले. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ. एका संपन्न खासगी शाळेत बारा वर्षांची मुले सॅटसाठी शब्दांच्या जोड्या घोकताना त्यांनी पाहिली होती. जी उपजत म्हणून मोजायची, तिचीच घोकंपट्टी! त्याच विद्यापीठाच्या पाहणीत पहिल्या वर्षाच्या यशाचा अंदाज विषयवार परीक्षांवरून अधिक चांगला येतो, असे दिसले. घरच्या सांपत्तिक स्थितीची छायाही त्यांवर कमी होती.

त्याआधीच, १९९०च्या दशकात, परीक्षेच्या नावातून ‘ॲप्टिट्यूड’ हा शब्द गळला होता. २०२१ मध्ये विषयवार परीक्षा बंद झाल्या. सॅट उरली, पण उपजत बुद्धी मोजण्याचा दावा नावात उरला नाही.

आपल्याकडच्या बुद्धिमत्ता चाचणीतील संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा हे प्रकारही सरावाने जमतात. म्हणून तर त्यांच्या सरावपुस्तिका विकल्या जातात. तेव्हा मूल पेपर देऊन आले, की ‘डोके चालत नाही’ म्हणण्यापूर्वी एवढेच विचारावे: ‘वेळ पुरला का? असे प्रश्न आधी सोडवले होतेस का?’ बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडेल. आणि ते ‘अभ्यास हवा’ असे असेल, ‘अक्कल हवी’ असे नव्हे.